पक्कड लावलेले चार नट

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता मुलुंडमधील एका सोसायटीच्या पटांगणात जुने ऑइल इंजिन चालवून दाखवताना एका पाहुण्याचा हात खांद्यापासून मोडला. सत्काराची शाल इंजिनाच्या पट्ट्यात ओढली गेली होती. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात तपासी अधिकारी होतो. आज निवृत्त आहे, पण त्या दिवशीचा पंचनामा अजून आठवतो.

पट्ट्यावरची लोखंडी संरक्षक जाळी व्यासपीठामागे सापडली. तिचे चार नट पूजेच्या तबकात, झेंडूखाली होते. इंजिन सुरू केले होते सोसायटीतल्याच एका निवृत्त फिटरने. विक्रोळीच्या कारखान्यात हयात घालवलेला हा कोकणी माणूस. भंगारातून आणलेले ते इंजिन त्याने तीन वर्षे खपून जिवंत केले होते.

ठाण्यात येताच तो म्हणाला, "इंजिन माझा, चूक माझी. जाळी मीच काढलंय. दुसऱ्याक कित्याक इचारतास?"

पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. तरी सहकारी म्हणाले, "साहेब, स्वतःच बोलतोय ना? संपलं मग." मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि थांबलो.

संध्याकाळी ठाण्यात एका महिलेचा फोन आला. "जाळी दहा वाजता जागेवर होती. मी इंजिनाभोवती रांगोळी काढली ना, तेव्हा पाहिली. फिटर काकांनी हलवून बघितली, मग सत्काराला स्टेजवर गेले. माझं नाव नका घेऊ हं, सोसायटीत राहायचंय."

मी मुद्देमालातला एक नट फिटरच्या तळहातावर ठेवला. त्याच्या कडा नुकत्याच चावल्यासारख्या झिजलेल्या होत्या. त्याने तो उजेडात धरला आणि भडकला.

"पक्कड लावलेली! पानो बाजूक ठेवलेलो असताना पक्कड? कोण ह्यो गाढव?"

"काका, तुम्हीच काढलीत ना?"

त्याने नट टेबलावर ठेवला. मी चहा मागवला. कप खाली ठेवत तो म्हणाला, "स्टेजवरसून इलंय तेव्हा इंजिन हारांनी झाकलेला होता. हार बाजूक करून जाळी परत बघूक व्हयी होती. नाय बघलंय. चाळीस वर्षांत पयल्यांदा. ता चार लोकांत कसा सांगतलंय?"

हार घालणारा एकच होता, सोसायटीचा सचिव. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावले. पक्कड त्याच्या गाडीच्या डिकीत मिळाली.

"पूजा चाकाची करायची असते, साहेब. हळद-कुंकू जाळीला लावून काय उपयोग? परत लावणारच होतो, तेवढ्यात पाहुणे स्टेजवरून इंजिनाकडे आले."

दोषारोपपत्रात सचिव आरोपी होता. फिटर साक्षीदार होता. दुसऱ्यांदा तपासणी केली नाही, हे वाक्य त्याने स्वतःच्या जबाबात आग्रहाने घालायला लावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपली चूक वाढवून सांगणारे थोडे भेटले. त्यांचीच चौकशी सर्वांत अवघड गेली.

पुढच्या खंडेनवमीला त्याने मला बोलावले. इंजिनापासून दहा फुटांवर दोरखंड होता. सत्कार आधी उरकले होते आणि शाली घड्या करून टेबलावर ठेवल्या होत्या. जाळीला कुलूप होते, किल्ली फिटरच्या खिशात. हळद-कुंकू जाळीवरच वाहिले. त्याने जाळी दोनदा हलवून पाहिली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी हँडल फिरवले.