मामीच्या नावावरचा आजार

तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्याचा भारी कंटाळा. अंगात ताप असला तरी काढा पिऊन उसाला पाणी द्यायला जाणारा हा माणूस. त्यामुळे "मुंबईच्या आधी बारामतीत छातीचा एक फोटो काढून बघू," असं ते आपणहून म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

माझा नवरा अमेरिकेत होता. लग्नानंतर महिन्याभरात गेला, तिकडचे कायमचे कागद झाल्यावर बायकोसाठी अर्ज केला, आणि मी तीन वर्षं सासर आणि सणसरचं माहेर यांमध्ये येरझारा घालत बसले. नव्वदीची शेवटची वर्षं होती. अखेर बोलावणं आलं. मुंबईत त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे मेडिकल, मग मुलाखत. मेडिकलमध्ये नेमकं काय बघतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी म्हणे चष्मा असला की नापास. कुणी म्हणे दात मोजतात. रक्त कमी असलं तर परत पाठवतात असं सासूबाईंनी ऐकलं होतं, म्हणून मी महिनाभर बीट खात होते. लाल जीभ घेऊनच बारामतीला गेले.

डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला आणि उजव्या बाजूला वर बोट ठेवलं. मला तिथं दुधावर साय धरावी तसं काहीतरी दिसलं. लहानपणी टीबी झाला होता का, असं त्यांनी विचारलं. मी ठणकावून नाही म्हणाले. मग त्यांनी तोच प्रश्न तात्यांना विचारला. तात्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

डॉक्टर म्हणाले, डाग जुना आहे, बरा झालेला आहे, आज तुम्हाला काही झालेलं नाही. पण मुंबईत हा डाग धरतील. पुरे उपचार घेतल्याचे कागद असले तर सोपं जाईल. नसले तर थुंकी तपासत बसतील, महिनोन्‌महिने थांबावं लागेल. मला एवढंच कळलं, की मला न झालेल्या आजारातून मी बरी झाले होते आणि त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता.

एसटी स्टँडवर मी तात्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "कडकी हुती." घरी आल्यावर आईला विचारलं. तीही म्हणाली, कडकी होती. दोघांनी एकच शब्द पाठ केल्यासारखा उच्चारला. आमच्याकडे पोर वाळायला लागलं की कडकी म्हणतात आणि पुढं कुणी काही विचारत नाही.

मी रात्रभर आठवत पडले. चौदा वर्षांची असताना मला वर्षभर मामाकडे लासुर्ण्याला ठेवलं होतं. तिथली शाळा चांगली, असं सांगितलं होतं. तिथं मला लाल गोळ्या मिळायच्या, रक्त वाढायच्या म्हणून. नर्सबाई घरी येऊन सुई टोचायच्या. आणि महिन्यातून एकदा मामी मला घेऊन इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात जायची. तिथं मामीच्या नावाचा पुकारा झाला की मी उठून आत जायचे. एकदा मी विचारलं होतं. मामी म्हणाली, कार्ड माझ्या नावावर हाय म्हणून. रेशनची साखर आम्ही कुणाच्याही कार्डावर आणायचो, त्यामुळे मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. मामी तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न होऊन नुकतीच आलेली. अंगानं आम्ही दोघी सारख्याच.

सकाळी तात्या चहा न घेताच माझ्यासमोर बसले. म्हणाले, "कागद हायेत. पर तुझ्या नावावर न्हाईत."

मग म्हणाले, "तुझ्या नावाला टीबी लागला असता, तर तुला करून कोण घेणार हुतं? तुझ्या मामीचं लगीन झालं हुतं."

मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. पण कागद आहेत म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचीच मला लाज वाटली. ज्या लग्नासाठी यांनी लपवलं, तेच लग्न आता त्या लपवण्यात अडकलं होतं. कुणाला बोल लावावा ते कळेना.

लासुर्ण्याला गेलो. मामीनं ट्रंकेतल्या लुगड्यांच्या खालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून दिलं. शेवटच्या पानावर उपचार पूर्ण झाल्याचा शिक्का होता आणि वर मामीचं नाव. ते बघून बारामतीच्या डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला, मग तोडगा सांगितला. मामीनं प्रतिज्ञापत्र करून द्यावं, ते स्वतः फोटोबरोबर चिठ्ठी देतील, मग बघू.

त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवरून मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कागद जोडून टाक. पण आईला कळू देऊ नकोस." मी बरं म्हणाले. बूथमधून बाहेर आले तरी मला आनंद झालाय की वाईट वाटलंय, हे ठरवता येत नव्हतं.

बारामतीच्या कचेरीबाहेर टाइपरायटरवाल्यानं मामीचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. त्यानं वाचून दाखवलं, की सदर आजार मला कधीही झालेला नसून सदर उपचार माझ्या नणंदेच्या मुलीनं माझ्या नावे घेतले आहेत. तात्या इकडंतिकडं बघत त्याला हळू वाच म्हणाले. मामीनं त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. सही केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्याची एक झेरॉक्स मला दे."

तात्यांनी विचारलं, तुला कशाला.

मामी आवाज न चढवता म्हणाली, "नर्सबाई माझं नाव घेत दारात यायच्या, तात्या. समद्या आळीनं ऐकलं. बारा वर्सं झाली, मला कुणी पापड लाटायला बोलवत न्हाय."

उन्हाळ्यात लासुर्ण्याच्या ओसऱ्यांवर बायका गोल बसून एकमेकींचे पापड लाटतात. माझी मामी आमच्या सगळ्या नात्यात पापडाला पहिली. ती बारा वर्षं एकटीच लाटत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तात्या म्हणाले, हिचं सासर तिथून दोन कोसांवर आहे, हिला जाऊ दे, मग काय ते कर. माझ्या कानात नवऱ्याचं बोलणं होतं. मेडिकल अजून व्हायचं होतं. मी समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली आणि मामीच्या हातात दिली.

तिला जेमतेम वाचता यायचं. तिनं विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. "आन् तुझं?" मी खाली बोट ठेवलं. तिनं कागद माझ्या नावाच्या वर बरोबर मुडपला, नखानं दाबून घडी पक्की केली आणि म्हणाली, "तू इमानात बसस्तवर म्या हे कुणाला दावत न्हाय."

मला रडू आलं. मी तिच्या हातातून कागद घेतला, घडी उलगडून परत तिला दिला आणि म्हणाले, "मामी, पापड सुरू झाले असतील. आजच दाखव."