बंडूभाऊंचं नाक आणि इटलीची बाटली

चिवड्याच्या डब्यात तळाशी शेंगदाणे जमतात ना, तसे आमच्या रविवारच्या मंडळात किस्से जमलेत. कोणी मुद्दाम जमवले नाहीत. नवीन काही सांगायला जावं तर खालून एखादा जुना वर येतो, आणि सांगणाऱ्याला मध्येच तोडून दुसराच कोणीतरी तो पूर्ण करतो. आज मी एकटी सांगतेय, तोडायला कोणी नाही, म्हणून सगळे ओळीनं सांगून घेते.

मंडळ म्हणजे रायपुरातली चार मराठी घरं. गुढ़ियारीचे बंडूभाऊ धोटे आणि शोभावहिनी. तेलीबांध्याला बिजलीच्या सामानाचं दुकान चालवणारे गजूभाऊ. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले रामटेके सर. आणि शंकर नगरची मी, मंदाताई. मी एकटीच राहते, तरी माझं घर मंडळात धरतात ते माझ्या कढीमुळे! महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी जेवण असतं. नियम एकच: बंडूभाऊंनी भांड्यावर वाकून वास घेतल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही.

बंडूभाऊ मालगाडीचे गार्ड होते. सगळ्यात मागच्या डब्यात बसून जन्म गेला आणि पुढच्या सगळ्या डब्यांचा वास वाऱ्यानं त्यांच्याकडे आला. तांदूळ ओला झालाय की कोरडा, खत आहे की सिमेंट, हे ते बसल्या जागी सांगायचे. रिटायर झाले, पण नाक ड्युटीवरच राहिलं. भाजी जमली असेल तर हात वर करून म्हणायचे, "जाऊ द्या गाडी!" आणि नसेल जमली तर नुसतं, "लाल."

लाल म्हटलं की ते भांडं आत गेलंच समजा. शोभावहिनींचंही!

* * *

गजूभाऊंच्या पुतणीच्या लग्नातली गोष्ट. बंडूभाऊ पंगतीत बसले होते आणि बासुंदीचं पातेलं पार मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होतं. हे मान वर करून म्हणाले, "गजू, दूध नासून राहिलं."

केटरर चिडला. "भैया, अभी चखा मैंने, एकदम फर्स्ट क्लास है!"

"अभी है," बंडूभाऊ म्हणाले.

वरमाला व्हायच्या आत बासुंदीच्या गाठी झाल्या. पाहुण्यांच्या पानात जायच्या आधी ती हटवली आणि घाईघाईनं जिलबी तळली, म्हणून गजूभाऊंची अब्रू वाचली. निघताना केटरर धावत आला. आम्हाला वाटलं, आता भांडतो. तर त्यानं बंडूभाऊंचे पाय धरले आणि विचारलं, "काका, इतवार को दुर्ग में एक शादी है. खाली हो क्या?"

* * *

मग तो आजार आला. साऱ्या जगाला आला तोच. बंडूभाऊ त्यातून बरे झाले, चालू-फिरू लागले आणि आम्ही पुन्हा जमलो. जेवण माझ्याकडे होतं. गप्पांच्या नादात खिरीचं दूध खाली लागलं आणि सगळ्या खिरीला धूर लागला. मला वाटलं, आज आपली खैर नाही. बंडूभाऊ पातेल्यावर वाकले, नेहमीसारखा लांब श्वास घेतला आणि हात वर केला. "जाऊ द्या गाडी!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग शोभावहिनींकडे पाहिलं. त्या ताटाकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

पहिले गजूभाऊ बोलले. "मंदाताई, खीर मस्त झाली वो. अजून वाढा."

त्या दिवशी सगळ्यांनी ती धुरकट खीर मागून मागून खाल्ली. रामटेके सरांना तर डायबेटिस आहे!

* * *

डॉक्टरांनी सांगितलं, काहींचा वास परत येतो, काहींचा नाही. रोज वेगवेगळे वास द्या आणि वाट बघा. शोभावहिनींनी चार डब्या केल्या. लवंग, वेलची, लिंबाची साल, कॉफी. सकाळी डोळे मिटून बंडूभाऊ ओळखायचे आणि रोज सगळं बरोबर सांगायचे! वहिनी हरखून गेल्या. मग एक दिवस त्यांना शंका आली आणि त्यांनी डब्यांचा क्रम बदलला.

बंडूभाऊंनी कॉफीला लवंग म्हटलं, लिंबाला वेलची म्हटलं आणि खुशीत पेपर वाचायला घेतला.

हे वहिनींनी फक्त मला सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू वो मंदाताई? दुसऱ्या दिवशी डब्या पहिल्यासारख्या लावून देल्या. रोज सकाळी पास होऊन राहिले ते. होऊ दे."

* * *

झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही कोणी काही बोललो नाही, बंडूभाऊही बोलले नाहीत आणि रविवारचा नियम तसाच चालू राहिला. फक्त भांड्यावर वाकताना ते आता हळूच गजूभाऊंच्या तोंडाकडे बघायचे. गजूभाऊंनी ते ओळखलं. भाजी चांगली असली की ते हसरा चेहरा करायचे, बिघडली असली की कपाळाला आठ्या. कोणी ठरवलं नव्हतं, पण सिग्नल बरोबर पडत होता.

एका रविवारी गजूभाऊंची दाढ ठणकत होती. कढी माझी होती. बंडूभाऊंनी वास घेतला, गजूभाऊंच्या वेड्यावाकड्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाल."

माझी कढी! जिच्या जोरावर मी मंडळात आहे ती! मी पातेलं उचललं आणि मुकाट्यानं आत नेलं. मागून गजूभाऊ आत आले, गालावर हात धरून. "मंदाताई, माफ करा वो. कढी झक्कास हाये. पण दाढेनं घात केला!"

* * *

आता बाटलीचा किस्सा. बंडूभाऊंची मुलगी स्नेहल इटलीत फ्लोरेन्सला नोकरी करते. तिला नाकाचं काहीच सांगितलं नव्हतं. शोभावहिनी म्हणायच्या, "तिकडं एकटी पोट्टी. सांगून काय करू? नाक काय कुरिअरनं पाठवून देणार हाये ती?"

या मे महिन्यात ती सुट्टीवर आली आणि बापासाठी एक रेड वाइनची बाटली घेऊन आली. "पापा की नाक के लिए लाई हूँ," म्हणाली. तिकडे ती एका द्राक्षमळ्यावर गेली होती. "वहाँ एक बंदा ग्लास में नाक डालकर बता रहा था कि किस साल बारिश कम हुई थी. मैंने कहा, मेरे पापा को बुलाओ, वो तो अंगूर की बोगी का नंबर भी बता देंगे!"

बंडूभाऊ हसले. शोभावहिनी पाणी आणायला म्हणून आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या.

वाइन तीन जातींच्या द्राक्षांची होती. संजोवेसे, कॅबरने आणि मर्लो. स्नेहल म्हणाली, ही फार दणकट वाइन असते, सगळ्यांना झेपत नाही.

"तीन जाती एकात? म्हणजे मिक्स व्हेज!" गजूभाऊ म्हणाले.

"ब्लेंड म्हणतात त्याले, गजू," रामटेके सर दुखावले. "चहाचा असते तसा."

उद्घाटन रविवारी ठरलं. तोवर बाटली थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवायची होती. रायपूरच्या मे महिन्यात थंड जागा! फ्रिज नको, असं स्नेहलनं बजावलं होतं. शोभावहिनींनी विचार केला आणि बाटली तांदळाच्या कोठीत खोल पुरून ठेवली, जिथे दरवर्षी आंबे ठेवतात. त्यानंतर गजूभाऊ रोज दुकानातून फोन करून विचारायचे, "वहिनी, पिकली का वो?"

* * *

रविवार आला. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं, सतरंजी घातली, कूलर वर चढवला आणि कूलरसमोर ओल्या गमछ्यात गुंडाळून बाटली ठेवली. स्नेहल म्हणाली होती की या वाइनबरोबर जड जेवण पाहिजे, म्हणून वहिनींनी खाली मंद आचेवर मटणाचा रस्सा ठेवला होता.

बूच काढायचं अवजार कोणाकडेच नव्हतं. गजूभाऊंनी दुकानातून लांब स्क्रू आणि पक्कड आणली आणि असा जोर लावला की अर्धं बूच बाहेर आलं, अर्धं आत पडलं. त्याचे कण तरंगायला लागले. वहिनी म्हणाल्या, त्यात काय, गाळून घेऊ. फालुद्याच्या ग्लासात थोडी गाळली. रामटेके सर मंडळातले सगळ्यात शिकलेले, म्हणून त्यांनी तपासणीला ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आलं. स्पष्ट आल्याचा गंध हाये."

स्नेहल चक्रावली. तिनं बाटलीवरचा कागद दोनदा वाचला. "अंकल, अदरक? इसमें अदरक कहाँ से आएगा?"

वहिनींनी हातातल्या गाळणीकडे पाहिलं. चहाची होती ती!

मग स्नेहलनं उरलेली वाइन आपल्या धुतलेल्या सुती दुपट्ट्यातून गाळली. दुपट्टा पिस्ता रंगाचा होता, आता जांभळा आहे.

* * *

सगळ्यांच्या हातात ग्लास आले. स्नेहलनं शिकवलं, आधी ग्लास गोल फिरवायचा, मग नाक पार आत घालायचं, मग काय आठवतं ते बोलायचं. बरोबर-चूक काही नसतं.

मी म्हणाले, जांभूळ. सर म्हणाले, तेंदूपत्ता, विडी न पेटवलेली. स्नेहल टाळ्या वाजवायला लागली, कारण तिकडचे लोकही तंबाखूच म्हणतात म्हणे! गजूभाऊंनी पुष्कळ वेळ नाक आत ठेवलं आणि म्हणाले, "नवी चप्पल."

"लेदर! अंकल, परफेक्ट!"

"काहून? चप्पल चांगली असते का?" गजूभाऊंना पटेना.

पण प्यायलं कोणीच नाही. गाडी सुटायची होती. स्नेहल बापासमोर मांडी घालून बसली. "पापा, अब आप. सब रुके हैं."

दुपारी गजूभाऊ बंडूभाऊंना बाजूला घेऊन बोलले होते, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "भाऊ, तुमी काईबी बोला. आमी हव म्हणतो." बंडूभाऊंनी मान खाली घातली होती. आयुष्यभर जिनं बापाच्या नाकाच्या गोष्टी मैत्रिणींना सांगितल्या, तिच्यासमोर खोटं बोलायचं होतं. शोभावहिनी सतरंजीचा दोरा उसवत बसल्या होत्या.

बंडूभाऊंनी ग्लास फिरवला. नाक आत घातलं. मग बाहेर काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. गजूभाऊ हसरा चेहरा करून तयारच होते, पण भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"क्या आया, पापा?"

"मटण," बंडूभाऊ म्हणाले.

"हव! हव!" गजूभाऊ ओरडले. "मटणच! मलेबी तेच येऊन राहिलं!"

"मांसल गंध हाये खरा," सर म्हणाले. "ब्लेंडमंदी येते तसा."

मी पण मान हलवली. स्नेहल आमच्याकडे बघत राहिली. "मटन? पर किसी किताब में तो..."

बंडूभाऊंनी ग्लास सतरंजीवर ठेवला. ते जिन्याच्या दाराकडे बघत होते.

"वाइनीत नाही बे, गजू. खाली. शोभा, मटण तळाले लागून राहिलं."

आम्ही सगळ्यांनी हवेत वास घेतला. काही नाही. ओल्या सिमेंटचा वास, कूलरच्या वाळ्याचा वास. मग कुठे, अगदी बारीक, जिन्यातून वर आला.

स्नेहल गॅस बंद करायला उठली. शोभावहिनींनी तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या.