समुद्रावरचा माझा एकच फोटो

मंडळी, आत्ताच आम्ही लॉजवर परत आलो आणि मी लिहायला बसले.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून आम्ही तिघी, शाळेपासूनच्या मैत्रिणी, गुहागरला आलो आहोत. माझी आई जाऊन दोन महिने झाले. तीन वर्षं तिचं अंथरुणातलं सगळं मीच केलं, पण ती गेल्यापासून मला एकदाही रडू आलेलं नाही. म्हणून रेखा आणि ज्योतीनं मला जबरदस्तीनं इथं आणलं.

समुद्र मी आज पहिल्यांदा पाहिला. सूर्य बुडत होता, आजूबाजूचे लोक हरखले होते. मला काहीच वाटलं नाही. मी आपली या दोघींचे फोटो काढत राहिले. फोटो काढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नाही.

शेवटी रेखानं फोन हिसकावून घेतला. "आता तू उभी राह्य."

"मले हासता येत नाई वं."

"मंग नको हासू. हास म्हटलं कोनं तुले?"

तिनं फोटो काढला आणि तेवढ्यात लाटेनं माझी एक चप्पल ओढून नेली. मी नुसती बघत राहिले. ज्योती गुडघाभर पाण्यात धावली, चप्पल घेऊन आली आणि वाकून माझ्या पायात घालायला लागली.

"पाय केवढे गार पडले तुहे! सांगत काऊन नाई?"

मला ते कळलंच नव्हतं.

तो फोटो इथं टाकते आहे. तुमच्यापैकी कोणाचं असं झालं होतं का? मग पुन्हा काही वाटायला कधी लागलं?