भाऊजींच्या अ‍ॅम्प्लिफायरचं हमिंग

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एक्केचाळीस वर्षांचं नातं, पण मला त्यांच्याबद्दल फार थोडं माहीत आहे. वजनकाटे दुरुस्त करायचे. कुणाच्या घरी गेले की भिंतीवरचं तिरकं घड्याळ न विचारता सरळ करायचे. त्यांना भीती कशाची वाटायची, हे मी कधी विचारलं नाही. मला असं काही विचारता येत नाही. हे लिहिणंही कितपत जमेल, कोण जाणे.

ताईला ऐकू येईनासं झालं त्याला चार वर्षं झाली. दुकानातलं कानाचं यंत्र तिने दोन दिवस वापरलं. "कानात कुणी पातेली घासतंय," म्हणाली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. भाऊजी तिला रोज पेपर वाचून दाखवायचे. ती नुसती मान डोलवू लागली. ते भाऊजींना कळायचं.

मग त्यांनी स्वतःच अ‍ॅम्प्लिफायर बांधला. पत्र्याचे दोन डबे. एक बाहेर त्यांच्या खुर्चीपाशी, मायक्रोफोनचा. दुसरा आत ताईच्या पलंगाशी, हेडफोनचा. गुडघ्यांमुळे ती तिथून फारशी उठत नसे. मधून लांब वायर. सगळं चालू झालं, पण हमिंग काही जाईना. घूंऽऽ असा एकसारखा आवाज.

"भुंगा छान आहे," ताई म्हणाली. "तुमच्यासारखा मध्येच खोकत नाही."

भाऊजी हसले, पण महिनाभर त्यांनी त्या डब्यांचा पिच्छा सोडला नाही. कंडेन्सर बदलले. वायरींना पीळ घातला. ट्रान्सफॉर्मर सोडवून डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसवला. शेवटी मला बोलावलं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो, म्हणून घरात माझी उगाच विद्वानांत गणना.

"बघ रे शास्त्रज्ञा. आम्ही हात टेकले."

दोन खोल्यांतले दोन प्लग बघून माझ्या लक्षात आलं. दोन्ही डब्यांना वेगवेगळं अर्थिंग होतं, आणि मधल्या वायरीने ती दोन्ही जोडली जात होती; भुंगा त्यातूनच येत होता. मी म्हणालो, "एका प्लगमधली अर्थची तार सोडून बघा. आम्ही शाळेत तसंच बघायचो."

त्यांनी बाहेरच्या प्लगमधली तार सोडली. मी आत ताईपाशी गेलो. बाहेरून भाऊजी बाजारभाव वाचू लागले. ताई पडली होती, ती उठून बसली. तिने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले.

"अहो, किती म्हातारा झालाय तुमचा आवाज," ती म्हणाली.

वाचन थांबलं. मग भाऊजींनी कांद्याचा भाव पुन्हा पहिल्यापासून वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. ट्रान्सफॉर्मर हलवताना एक वायर डब्याच्या कडेला घासून सोलली होती, हे कुणालाच दिसलं नव्हतं. नुकतीच फरशी पुसलेली, भाऊजी अनवाणी. वाचता वाचता त्यांनी डबा जवळ ओढला. वायरमन नंतर म्हणाला, प्लगमध्ये अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता, बाकी काही झालं नसतं. आत ताईला वाटलं, पान उलटताहेत. तिने वाट पाहिली. किती वेळ, ते ती सांगत नाही.

तार सोडायची ती फक्त दोष कुठे आहे ते कळण्यापुरती. मग परत जोडायची आणि दुरुस्ती मधल्या वायरीत करायची. हे मला माहीत होतं. शाळेत सर आमच्याकडून तार परत जोडून घेतल्याशिवाय पुढे सरकत नसत. त्या संध्याकाळी घर इतकं आनंदात होतं की मला तो विषय मध्ये काढवेना. निघताना दारात बोलू, असं ठरवलं.

दारात मी म्हणालो, "भाऊजी, ती तार तेवढी..."

"तू आधी पायाकडे बघ. माझ्या चपला घालून निघालायस."

"हो की."

"उद्या येशील?"

"उद्या नाही जमायचं. परवा येतो."

"ये. सावकाश जा."