वंदनाताईंनी सांगितलेला आकडा

चौथीनंतर शाळा सुटली, म्हणून माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. वंदनाताईंबद्दल लिहिणारं दुसरं कोणी नाही.

धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात त्या बिलाच्या काउंटरवर बसत आणि मी फरशी पुसत असे. पाणी प्यायला उठल्या तरी कॉम्प्युटर बंद करून उठत. पासवर्ड टाकताना पदर आडवा धरत. वॉर्डबॉय चिडवायचे, "ताई, आत सोनं ठेवलं काय?" त्या म्हणत, "सोनं गेलं त पोलीस चोराले शोधते. माह्या नावानं कोनी आत गेला त मलेच शोधतीन."

एका दुपारी त्या जेवायला गेल्या होत्या आणि काउंटरवरचा फोन वाजत राहिला. मी भीतभीत उचलला. "विमा कंपनीतून बोलतो. मावशी, जेवल्या का?" अकरा वर्षांत त्या दवाखान्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मग बोलता बोलता त्याने काउंटरवर कोण असतं, उद्या दुपारी कोणाचं ऑपरेशन आहे, डॉक्टर कोण, हे विचारलं. मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दुपारी वंदनाताईंना फोन आला. नंदनवन वस्तीतली पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आहे, विम्याची मंजुरी अडकली, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. "आकडा नाही देत मी, भाऊ," त्या दोनदा म्हणाल्या. मग एकदम उभ्या राहिल्या. "असं नका बोलू गा! मरू नका देऊ तिले!" आणि त्यांनी आकडा सांगून टाकला.

पेशंटची अनामत परत करायच्या खात्यातून शहाण्णव हजार गेले. ती बाई तेव्हा वॉर्डात नवऱ्याशी भांडत बसली होती. ऑपरेशन संध्याकाळवर ढकललं होतं. काउंटरला कोणी कळवलंच नव्हतं.

दवाखान्याच्या साहेबांनी दरमहा चार हजार पगारातून कापायचं ठरवलं आणि ताईंना तळघरात जुन्या फायलींमध्ये बसवलं. जिन्यावरून जाणारे ओरडायचे, "ताई, आमचाबी आकडा सांगा न!" त्या मान वर करत नसत.

तिसऱ्या महिन्यात मी खाली जाऊन त्यांना मी उचललेल्या त्या फोनचं सांगितलं. त्या बराच वेळ फाइलची दोरी बांधत राहिल्या.

"किती गोड बोलला वं तो तुयाशी?"

"जेवल्या का म्हणे."

"सायबाले सांगू नको. तुले उद्याच काढतीन. मी फेडून राहिली न."

मी नाही सांगितलं. मला बरं वाटलं, हे खरं लिहिते.

एकोणिसावा हप्ता कापला त्याच महिन्यात ताई गेल्या. साखर वाढली होती आणि औषध त्या एक दिवसाआड घेत होत्या, हे नंतर कळलं. त्यांची लेक त्यांच्या नोकरीचे कागद न्यायला आली. साहेब तिला म्हणाले, "वीस हजार बाकी आहेत. ते भरा, मग कागद." मी दाराशी पुसत होते. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"साहेब, त्या माणसाला आधी मीच सगळं सांगितलं होतं. माझ्या पगारातून कापा. तिचे कागद आज द्या."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. कागद घेऊन गेली, ती परत कधी भेटली नाही. मला साहेबांनी काढलं नाही, घाण कचऱ्याच्या खोलीवर टाकलं.

माझ्या पगारातून दोनच हजार कापता येत होते, म्हणून दहा महिने लागले. काल शेवटचे दोन हजार कापले. शहाण्णव हजार पूर्ण फिटले.