काकीचं काचेचं कौल

आमचं चर्च एवढं लहान आहे की मागच्या बाकावर कुणी शिंकलं तर वेदीवरची मेणबत्ती दचकते. असं मी सांगतो आणि पाहुणे खरं मानतात. चर्चच्या अंगणात दरवर्षी मे महिन्यात फेस्ताच्या, म्हणजे आमच्या संताच्या सणाच्या, रात्री नाटक होतं आणि त्यात राजाचं काम माझ्याकडे असतं. अभिनयामुळे नव्हे, आवाजामुळे. माइक बंद पडला तरी माझा आवाज मालवणच्या धक्क्यापर्यंत जातो. माझी बायको म्हणायची, "देवान तुका आवाज दिल्यान, पण कान देवक इसारलो." लग्नापासून ती हे म्हणत आली आणि मी हसत आलो. अलीकडे ती म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे फादर आले. घाटावरचे, उंच, सडपातळ. बांगड्याचा काटा कसा सोडवायचा हे त्यांना आमच्या बायकांनी शिकवलं. पहिल्याच उन्हाळ्यात फेस्ताची बैठक बसली. रोषणाई कुठली, बँड कुठला, भिंतींना पांढरा रंग की पिवळा, यावर तासभर जुंपली. मी मधूनमधून दोन्ही बाजूंना पेटवत होतो. फादर शांत बसून होते. सगळे दमल्यावर त्यांनी विचारलं, "या गावात कुणाकुणाच्या घरात पावसाचं पाणी पडतं?"

दोघा-तिघांनी रंगाचे नमुने मिटून ठेवले.

"फेस्ताला आपण गावाला इथं बोलावतो," फादर म्हणाले. "एरवी वर्षभर आपण गावात किती जातो?"

कमिटीतले सर्वांत म्हातारे गृहस्थ खाकरले. "फादर, आमी अशे घराघरात शिरलो तर लोक म्हणतले, बाटवूक इले."

"मग पुस्तक नेऊ नका. शिडी न्या."

मी टाळी वाजवली. शिडी म्हणजे उंची, उंची म्हणजे रंगमंच. माझ्या डोक्यात तिथेच पडदा उघडला.

आमच्याकडे मे महिन्यात कौलं परतावी लागतात. वर्षभरात माकडं नाचतात, नारळ पडतात, कौलं सरकतात, फुटतात. ती सगळी उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. पण गावात कितीतरी घरांत एकच म्हातारं माणूस उरलं आहे. मुलं मुंबईला नाहीतर आखातात. कौलं परतणारे गडी मिळत नाहीत आणि मिळाले तर आठ दिवस उद्या-उद्या करतात. उलट आमच्या चर्चवर पत्रे चढल्यापासून जुनी मंगळुरी कौलं मागच्या भिंतीला रचून पडली होती. तेव्हा ठरलं, रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली की कुणी घरी जायचं नाही. कौलं टेंपोत घालायची आणि ज्याला गरज असेल त्याच्या दारात जायचं, मग तो कुठल्याही देवाचा असो.

कामाची पद्धत सोपी. दोघं-तिघं वर, बाकीचे कौलं पुरवायला आणि एकजण घरात. घरातल्याने मान वर करून बघायचं. जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणार. तिथे काठीने टोचायचं आणि ओरडायचं. वरचा लगेच ती फट बुजवतो. घरात हे काम माझी बायको करायची, वर मी.

दुसरीही एक रीत होती. ज्या घरी जावं तिथला म्हातारा किंवा म्हातारी पहिल्यांदा म्हणायचीच, "नको रे बाबांनो, कित्याक तरास." दुसऱ्यांदा म्हणायची, "ऱ्हवांदे, चलता आसा." तिसऱ्यांदा तेच. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर तीन वेळा नको म्हणायचं असतं, हे आईच्या पोटातूनच शिकलेलं असतं. आम्हीही ते ऐकत चढायचो. खाली उतरेपर्यंत गुळपाणी तयार असायचं आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी. दोन रविवारांत आम्हाला या नको-नकोची इतकी सवय झाली की ते ऐकू येईनासं झालं.

तिसऱ्या रविवारी आम्ही काकीकडे गेलो. ती कुणाची सख्खी काकी नव्हती, सगळा गाव तिला काकी म्हणायचा. पूर्वी बाजारात मासळी विकायला बसायची. तिच्याकडे भाव करणाऱ्याला मासा मिळायचा नाही, स्वतःच्या खानदानाची माहिती मिळायची. पुढे घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती मधल्या खोलीत खाटेवरच होती. मूलबाळ नाही. शेजारीण काजूच्या कारखान्यात जाते, ती सकाळी जाताना आणि संध्याकाळी आल्यावर काकीचं सगळं करायची. मधला दिवसभर काकी एकटी.

मी छपरावर चढलो तसा खालून आवाज आला, "कोण रे तो वर?"

"राजा, काकी! फेस्ताचो राजा!"

"राजा? मेल्या, दुकानात उधार देताना भिकारी होतंस आणि हंय राजा?"

माझ्या दुकानात उधार मिळत नाही हे गावाला ठाऊक. सगळे खो-खो हसले. मीही. काकी भेटली की असं एखादं मिळायचंच. काम सुरू झालं. काकीच्या टोमण्यांना मी वरून उत्तरं देत होतो आणि अंगण माझ्याकडे मान वर करून बघत होतं. एवढे प्रेक्षक मला फेस्तालाही मिळत नाहीत.

बायको आतून ओरडली, "हंय मधी काचेचा कौल आसा. तडाकलाहा. कडेन पाणी गळलेलो डाग दिसता."

"काढतंय!"

"त्या काचेक हात लावू नको रे," काकी म्हणाली. "ऱ्हवांदे ती."

हे मला ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी आढ्यावर उभा राहिलो, एक हात छातीवर ठेवला आणि नाटकातल्या आवाजात म्हणालो, "काकी! आजपासून तुमच्या राज्यात पावसाचा एकही थेंब शिरणार नाही, ही राजाची आज्ञा आहे!"

टाळ्या पडल्या. काकी आणखी काहीतरी बोलली, ते टाळ्यांत बुडालं. बायकोने पुष्कळ दिवसांनी मला सांगितलं, काकी एवढंच म्हणाली होती, "तुमका बरा दिसता तसा करा."

काच काढून तिथे मी चर्चचं कौल बसवलं. घट्ट, लाल, पाण्याला दाद न देणारं. जाताना तिच्या खिडकीवर माडाच्या झावळ्यांची झापंही बांधून दिली, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. सगळ्यांनी अंगणात उभं राहून फोटो काढला. तो चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. खाली कितीतरी हात जोडलेले आले.

फादरांनी पुढच्या रविवारी सांगितलं, "छपरं झाली. आता छपराखालच्या माणसांकडे जा." एकेकाने एकेक घर घ्यायचं, आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं. मी काकीचं घर घेतलं. आणि गेलो नाही. पाऊस होता, शाळा सुरू झाल्या होत्या, माझं वह्यापुस्तकांचं दुकान जूनमध्ये तुडुंब असतं. खरं कारण असं की मला वाटत होतं, काकीचं काम झालं. दुकानात येणाऱ्याला मात्र मी तो प्रसंग काकीच्या आवाजासकट करून दाखवत होतो.

श्रावण लागता लागता तिची शेजारीण दुकानात आली. तिला टॉर्चचे सेल हवे होते.

"काकी बरी आसा मां?" मी विचारलं.

"बरी कसली. तिका दिवस-रात कळना नाय."

"म्हणजे?"

तिने सेल पिशवीत टाकले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "त्या काचेतसून उजेड पडायचो ना, तो भितीवरसून सरकायचो. त्याच्यारच तिचा सगळा चलायचा. कपाटार इलो की म्हणायची, आता रापणीची जाळी ओढूक लागले. पेटयेर इलो की जेवायची. दारार गेलो की माझी वाट बघायची. पावसात ऊन नसला तरी उजेड तरी असायचो. आता झापांनी खिडकी बंद, वर कौल बंद. मी बल्ब लावन जातंय, पण लायट जाता. मगे काळोख तो काळोख."

"अगो, मगे सांगलंस नाय कित्याक?"

"सांगतलंय हुती. तीच नको म्हणाली. म्हणाली, देवाची माणसा इली, हौसेन केल्यानी, तेंका कित्याक वायट वाटवचा."

मी दुकान तसंच टाकून गेलो. काकीच्या खोलीत शिरलो तर भर बाराला काहीच दिसेना. वीज गेलेली होती. खाट कुठे आहे ते तिच्या खोकल्यावरून कळलं.

"कोण?"

"मी, काकी. दुकानवालो."

"इतक्या राती कित्याक इलंस रे? कोण गेला काय?"

मी म्हटलं, रात नाही काकी, दुपार आहे. ती बरं म्हणाली, पाहुण्याचा मान ठेवण्यासाठी म्हणतात तसं. मी आधी खिडकीवरची झापं सोडली. थोडा करडा उजेड आला, पण त्या बाजूला शेजारच्या घराची भिंत आणि वर माडांची दाटी. खाटेपर्यंत काही पोचलं नाही.

फादरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाले, "मी शिडी न्या म्हणालो. आधी बसा असं म्हणालो नाही." त्यांनी दोष स्वतःकडे घेतला याचा मला रागच आला. छपरावर ते नव्हते.

काचेचं कौल मी कणकवलीहून आणलं. पण पावसात कौलांवर शेवाळ असतं, पाय ठरत नाही. उघडीप होईपर्यंत थांबणं भाग होतं. पाऊस धरूनच बसला. ते दिवस मी रोज जायचो, सकाळी दुकान उघडण्याआधी आणि दुपारी. "काकी, धा वाजले." "काकी, दोन वाजले." भिंतीवरच्या उजेडाचं काम मी करत होतो. पण तिच्या मनातला दिवस निसटला होता. कधी ती मला बाजारातलं गिऱ्हाईक समजून पापलेटाचा भाव सांगायची. कधी विचारायची, बोटी इल्या काय? मी खरं तेच सांगायचो, पावसाळा आहे, बोटी बंद आहेत. तिला ते पटायचं नाही. गोष्टी सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, पण त्या खोलीत मला एकही सुचली नाही.

शेवटी एका सकाळी लख्ख ऊन पडलं. दोन दिवस छप्पर सुकू दिलं. शिडी स्वतः फादरांनी धरली. कारखान्याला सुट्टी होती म्हणून शेजारीण घरात होती, बायको आत उभी होती. मी अनवाणी, बसत-बसत वर गेलो. या वेळी अंगणात कुणी नव्हतं. चर्चचं कौल काढलं, काच बसवली, उतरलो.

आत आलो तर भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला होता. कपाटाच्या अलीकडे, हातभर अंतरावर. त्यात धूळ तरंगत होती. बायकोचे डोळे भरले होते. मी काकीकडे पाहिलं. तिने तोंडावर आडवा हात धरला होता.

"दिवो कोणी लावलो? मालवा तो."

"दिवो न्हय, काकी," बायको म्हणाली. "ऊन आसा ता. तुमची काच बशवली."

"मालवा म्हणतंय मां. डोळ्यांत जाता. झोपूक होया माका."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. फादर दारात उभे होते, तेही माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. होईल सवय, काकी, दोन दिवस बघा, तुमच्याच भल्यासाठी. तो आवाज मला ओळखीचा होता. आढ्यावर उभा राहून मी त्याच आवाजात बोललो होतो.

मी खाटेजवळ खाली बसलो. "काकी, त्याच्यार कापड घालू?"

"घाल बाबा."

शेजारणीने आपलं जुनं गडद लुगडं फाडून दिलं. मी स्टुलावर चढलो आणि काचेच्या खाली, वाशांना ते चारी बाजूंनी बांधलं. शेवटची गाठ मारली तेव्हा खाट पुन्हा काळोखात गेली. खाली उतरताना बायकोने माझा हात धरला.

"हां," काकी म्हणाली. "आता बरा झाला."

तिला झोप लागेपर्यंत आम्ही चौघं तिथे बसून होतो.

चतुर्थीच्या चार दिवस आधी ती गेली. तोवर मी रोज सकाळी जाऊन एकच प्रश्न विचारत होतो, काकी, कापड काढू? ती नको म्हणायची. एकदाच म्हणायची, आणि मी ते तसंच ठेवायचो.