घोट्याएवढी लाट

जर्मनीतली नोकरी गेली तेव्हा मी पुण्याला परतायचंच ठरवलं होतं. जाण्याआधी एकदा भरतीची लाट समुद्राकडून नदीत उलटी शिरताना बघावी, म्हणून सायकल काढून एम्स नदीवर गेलो. भिजायला नको म्हणून रेनकोट चढवून काठापासून चांगला लांब उभा राहिलो. शेजारी सफरचंद खात असलेल्या जर्मन आजी पोट धरून हसल्या.

लाट आली ती जेमतेम घोट्याएवढी!

“एवढीच?” मी वैतागलो.

“लाट काय बघतोस? नदी बघ,” म्हणत त्यांनी उरलेलं सफरचंद पाण्यात भिरकावलं.

मघापर्यंत सगळं समुद्राकडे वाहत होतं. सफरचंद मात्र उलटं, वरच्या गावाकडे निघालं. आजी सायकलवर टांग टाकून, घंटी वाजवत त्याला सोबत करत निघाल्या.

मी रेनकोट काढला आणि मीही त्यांच्यामागे पेडल मारलं.